स्वीडनमधले इराणी आणि चिलियन : नक्की कोण पुढे?

गोदाकाठ (धागाकर्ती) • मंगळवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात ऑफिसात फिका चालू होता. फिका म्हणजे कॉफी, दालचिनीचा बन आणि काम न करण्याचा राजमान्य अर्धा तास. बोलता बोलता एक स्वीडिश सहकारी म्हणाला, "बाहेरून आलेल्यांत इराणी सगळ्यांत यशस्वी. चिलीवाले काय, आहेत. ठीक आहेत." कुणी मान डोलावली, कुणी बन मोडला. मीही काही बोलले नाही. पण ते 'ठीक आहेत' डोक्यातून जाईना, कारण आमच्या इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर एक इराणी काका राहतात आणि खालच्या मजल्यावर चिलीच्या एक आजी. दोघांना सहा वर्षं पाहतेय, आणि हे वाक्य मला दोघांनाही लागू होताना दिसत नाही.

आधी पार्श्वभूमी. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्कराने साल्वादोर आयेंदेंचं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि लष्करप्रमुख पिनोशेची हुकूमशाही राजवट सुरू झाली. सान्तियागोमध्ये तेव्हा हाराल्ड एडेलस्टाम नावाचे स्वीडिश राजदूत होते. क्यूबाच्या वकिलातीवर गोळीबार चालू असताना हे गृहस्थ तिथे गेले आणि ती वकिलात स्वीडनच्या संरक्षणाखाली घेऊन मोकळे झाले. राष्ट्रीय स्टेडियममध्ये डांबलेली माणसंही त्यांनी सोडवली. डिसेंबरात लष्कराने त्यांना देशाबाहेर काढलं, पण तोवर चिलियन लोकांची स्वीडनची वाट पडली होती. इथे पंतप्रधान होते ओलोफ पाल्मे, दारं उघडी होती. पुढे १९८२ मध्ये चिलीची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा आणखी माणसं आली, त्यातली बरीच राजकारणापेक्षा पोटासाठी.

इराण्यांची गोष्ट नंतरची. १९७९ ची क्रांती, मग १९८० ते ८८ इराकशी युद्ध. डावे, कुर्द, बहाई (तिथला जाच सोसणारा अल्पसंख्य धर्मपंथ), आणि आघाडीवर जायचं नाही म्हणून पळालेली पोरं. बरेच जण तुर्कस्तानातून पूर्व बर्लिन आणि तिथून बोटीने ट्रेलेबोर्ग या दक्षिण स्वीडनमधल्या बंदरात असे आले. मोठा लोंढा ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला.

आज स्वीडनमध्ये इराणमध्ये जन्मलेले ८० हजारांच्या वर आहेत, चिलीत जन्मलेले २८ हजारांच्या आसपास. इथे जन्मलेली मुलं वेगळी.

आता तुलना. माझं कामच आकडे चाळण्याचं असल्यामुळे सांख्यिकी खात्याचे तक्ते उघडून बसले. शिक्षण पाहिलं तर माझा सहकारी बरोबर आहे. इराणमधून आलेल्यांत उच्चशिक्षितांचं प्रमाण इथल्या मूळच्यांच्या तोडीचं, आणि त्यांची इथे वाढलेली मुलं विद्यापीठात जाण्यात स्वीडिश मुलांनाही मागे टाकतात. डॉक्टर, दंतवैद्य, इंजिनिअर यांच्यात इराणी नावं सर्रास दिसतात. चिलियन यात बरेच मागे.

पण कामावर किती जण आहेत हा रकाना पाहिला की चित्र फिरतं. तिथे चिलीवाले इराण्यांच्या बरोबरीने आहेत, आणि बराच काळ तर पुढेच होते. बस चालवणं, कारखाना, साफसफाई, वृद्धाश्रमातली शुश्रूषा, बालवाडी. पगार मध्यम, पण दर महिन्याच्या २५ तारखेला खात्यात जमा. इराण्यांमध्ये पदवी भरपूर, पण पदवीच्या मानाने पगार कमी आणि ज्यांचं बस्तान बसलंच नाही असेही बरेच. शिवाय धंदा : पिझ्झेरिया, तंबाखू-लॉटरीची टपरी, टॅक्सी. यात इराणी चिलियनांपेक्षा कितीतरी जास्त, आणि धंद्यात हौस किती आणि नोकरी मिळेना म्हणून किती, हे तक्त्यात दिसत नाही.

मग 'यशस्वी' कुणाला म्हणायचं? इथे राहिलेल्या-वावरलेल्यांनी जरूर लिहा. गोथेनबर्गवाले असाल तर भेटूही. (इथले लोक शहराला 'यतेबोरी' म्हणतात. सहा वर्षांनंतरही मला ते नीट म्हणता येत नाही.)

---

खोडसाळपंत • मंगळवार, रात्री १०.३१

इराण्यांच्या आर्थिक स्तराबद्दल माझं एकच निरीक्षण : पूर्वी चहा स्वस्त होता, आता बनमस्क्यालाही पाकीट उघडावं लागतं.

पहिला!

---

कॅम्पातला • मंगळवार, रात्री १०.५०

खोडसाळपंत, हसलो, पण नोंद म्हणून लिहितो. आपल्या मुंबई-पुण्याचे इराणी वेगळे. ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला मुख्यतः इराणमधल्या यझ्द शहरातून आणि आसपासच्या गावांतून आले, बरेचसे झरथुष्ट्री, काही शिया मुसलमान. दुष्काळ, गरिबी आणि धर्मावरून होणारा जाच ही कारणं. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अपशकुनी म्हणून घेत नसत, ती यांनी घेतली, अशी दंतकथा आहे. खरीखोटी कुणास ठाऊक, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं मिळाली हे खरं.

धाग्याशी संबंध एवढाच की तेही शिकून-सवरून आलेले नव्हते. हॉटेल, बेकरी हाती लागली ती केली. तेव्हा 'इराणी म्हणजे डॉक्टर-इंजिनिअर' हे कुणी रक्तातलं समजू नये.

---

स्पष्टवक्ता • बुधवार, सकाळी ७.४०

एवढा काथ्याकूट कशाला? घरात शिक्षणाचं महत्त्व असलं की मुलं शिकतात. इराण ही हजारो वर्षांची संस्कृती, घरोघरी हाफिजच्या फारसी कविता. लॅटिन अमेरिकन लोकांना फुटबॉल आणि नाचगाणं. कटू आहे पण सत्य आहे. आपली मुलंही म्हणूनच परदेशात पुढे असतात.

---

उत्तरायण • बुधवार, दुपारी १.१५

स्पष्टवक्ता, तुमच्याशी साफ असहमत, आणि त्याचं कारण सविस्तर लिहितो. मी १९८८ मध्ये संशोधनासाठी उप्सालाला आलो, तेव्हापासून स्वीडनमध्येच आहे. विद्यार्थी वसतिगृहात आमच्या कॉरिडॉरमध्ये बारा खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्या बारांत तीन इराणी. वयं अठ्ठावीस, तीस, बत्तीस. बाकीची स्वीडिश मुलं एकोणीस-वीस वर्षांची. हे तिघे त्यांच्याबरोबर बसून पहिल्या वर्षाचं गणित सोडवत होते.

का? कारण १९८० मध्ये इराणमध्ये 'सांस्कृतिक क्रांती'च्या नावाखाली विद्यापीठंच बंद केली गेली आणि जवळपास तीन वर्षं बंद राहिली. उघडली तेव्हा डाव्यांना, बहाईंना दार बंद. तिथे प्रवेशपरीक्षा असते, 'कोंकूर'. आपल्याकडे नीट-जेईईचं जे स्तोम आहे ना, तसंच. कोंकूर पास झालेली, वर्गात बसलेली मुलं मधेच रस्त्यावर आली. आमच्यातला एक म्हणायचा, माझं दुसरं सत्र अजून चालूच आहे. इथे आल्यावर त्यांना कळलं की स्वीडनमध्ये शिक्षणाला फी नाही आणि खर्चायला सरकार अनुदान-कर्ज देतं. अर्ध्यावर तुटलेली गोष्ट पुरी करायला ती माणसं विद्यापीठात गेली. हाफिज होताच, नाही म्हणत नाही. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणायचे, आणि सकाळी माझी परीक्षा असायची.

दुसरा मुद्दा वेळेचा. चिलीची पहिली माणसं आली तेव्हा स्वीडनमध्ये कामगार कमी पडत होते. व्होल्व्होच्या तोर्सलांदा कारखान्यात, बॉलबेअरिंगच्या कारखान्यात भाषा अर्धीमुर्धी असली तरी उभं करून घेत. इस्पितळांना, वृद्धाश्रमांना हात हवे होते. माणूस येऊन वर्षभरात पगारावर. कामावर भाषा सुटायची, युनियनचं कार्ड मिळायचं. चिलियन तर युनियनमध्येच वाढलेले, त्यांना ते घरच्यासारखं. घरंही तयार होती. १९६५ ते ७४ मध्ये सरकारने दहा लाख घरं बांधली होती, त्यातल्या रिंकेबी, आल्बी, हाम्मारकुलेन अशा वस्त्यांत ही कुटुंबं गेली. तेव्हा तिथल्या भिंतींचा रंगही ओला होता म्हणा ना.

इराणी आले तेव्हा नियम बदलले होते. १९८५ पासून आश्रितांना देशभर वाटून द्यायचं धोरण आलं. तेहरानसारख्या महानगरातला पोरगा उत्तरेत पाच हजार वस्तीच्या गावात, जिथे हिवाळ्यात दुपारी अडीचला अंधार आणि काम म्हणजे लाकूड. एकदोन वर्षं काढून सगळे स्टॉकहोम-गोथेनबर्गला पळाले. तोवर १९९० चं दशक उजाडलं आणि अर्थव्यवस्थाच बसली. सप्टेंबर १९९२ मध्ये क्रोना, म्हणजे इथलं चलन, वाचवायला मध्यवर्ती बँकेने व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला होता. होय, पाचशे. बेकारी दोन टक्क्यांहून कमी होती ती दोन-तीन वर्षांत आठ टक्क्यांच्या वर गेली. कॉरिडॉरमधले माझे मित्र नेमके तेव्हा पदव्या घेऊन बाहेर पडले. त्यांच्या हातात स्वीडिश विद्यापीठाची पदवी होती, इराणची नव्हे. तरी मुलाखतीचं बोलावणं नाही.

नावाचाही भाग आहे. 'गोन्झालेझ' हे नाव इथे युरोपियन वाटतं, स्पॅनिश शाळेत शिकवतात. 'मोहम्मदी' नाव अर्जावर असलं की अर्ज खाली जातो. नव्वदच्या दशकात आडनाव बदलून घेतलेल्या आशिया-आफ्रिकेच्या लोकांचा इथल्या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला होता, बदलल्यावर त्यांची कमाई वाढलेली दिसली. आमच्या तिघांतल्या एकाने बदललं. त्याला पहिल्या फोनवर मी चुकून जुन्या नावाने हाक मारली, तर क्षणभर गप्प झाला.

फार लांबलं. थोडक्यात, नोकरीच्या दारातून आत शिरता आलं ते चिलियनांना. इराण्यांना ते दार बंद दिसलं म्हणून ते विद्यापीठाच्या दारातून गेले, आणि तिथून नोकरीत यायला त्यांना पंधरा-वीस वर्षं लागली.

---

खोडसाळपंत • बुधवार, दुपारी १.४२

उत्तरायणकाका, दंडवत. बनमस्का मागे घेतो.

---

शेवंती • बुधवार, रात्री ९.०५

+१ उत्तरायण. मी लॉस एंजेलिसला असते, तिथला नमुना देते. वेस्टवूडच्या आसपास इतके इराणी आहेत की लोक 'तेहरानजेलिस' म्हणतात. इथले इराणी म्हणजे पैसेवाले, अशीच प्रतिमा. २००७ मध्ये शेजारच्या बेव्हर्ली हिल्सला इराणमध्ये जन्मलेला महापौर मिळाला, जिमी डेलशाद. पण इथे आले कोण? क्रांतीआधीच्या राजाच्या, शाहच्या, काळातले उद्योजक, अधिकारी, ज्यू व्यापारी, काही जण क्रांतीच्या आधीच पैसे बाहेर काढलेले. आणि विद्यार्थी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सर्वात जास्त परदेशी विद्यार्थी इराणचे होते, सुमारे ५० हजार. क्रांती झाली आणि ते इथेच राहिले.

गंमत म्हणजे अमेरिकेत चिलियन थोडे आहेत, पण लॅटिन अमेरिकनांमध्ये शिक्षणात आणि कमाईत ते वरच्या फळीत मोजले जातात. तेच चिलियन, तोच फुटबॉल. स्पष्टवक्ता, आता काय म्हणता?

---

स्पष्टवक्ता • बुधवार, रात्री ९.३०

म्हणतो की अपवाद नियम सिद्ध करतात.

---

शेवंती • बुधवार, रात्री ९.३३

शिंपल्याएवढं मन आणि समुद्राएवढा आत्मविश्वास.

---

पाव्हणं_सातारचं • गुरुवार, सकाळी ८.२०

भांडू नका राव. मला एक सांगा, तिकडं आपल्या मराठी माणसांचा नंबर कितवा?

---

गोदाकाठ • गुरुवार, सकाळी ९.०२

पाव्हणं, आपली तुलनाच होत नाही. आपण वर्क परमिटवर, हातात नोकरीचं पत्र घेऊन विमानाने येतो. पगाराची अट पुरी झाली नाही तर परमिटच मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती २७,३६० क्रोना झाली होती, म्हणजे तेव्हाच्या मध्यम पगाराच्या ८० टक्के. चाळणीतून गाळून आलेल्यांनी 'आमची सरासरी बघा' म्हणणं म्हणजे आंबे निवडून पेटी भरायची आणि झाडाची वाखाणणी करायची. शिवाय जमलं नाही तर आपण पुण्याला परत. काकांना तो पर्याय नव्हता.

उत्तरायणकाका, प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे. विद्यापीठं बंद असण्याचा मुद्दा मला माहीत होता, पण त्याचा इथल्या पदव्यांशी संबंध जोडला नव्हता. माझ्या वरच्या मजल्याचे काका त्यातलेच निघाले. त्याबद्दल नंतर लिहिते.

---

मध्यक • गुरुवार, दुपारी १२.४८

आकडेवारीबद्दल दोन-तीन खुसपटं काढतो, राग मानू नये.

पहिलं. स्वीडनचं सांख्यिकी खातं वंश नोंदवत नाही, जन्मदेश नोंदवतं. फार तर आई-बापाचा जन्मदेश. म्हणजे आजी सान्तियागोची, आई गोथेनबर्गची, तर नात तक्त्यात निव्वळ स्वीडिश. चिलियन आधी आले, त्यामुळे त्यांची तिसरी पिढी मोठी होऊन तक्त्यातून गायबही झाली. तिने मिळवलेलं काही 'चिलियन' खात्यात जमा होत नाही. आणि 'इराण' या रकान्यात फारसी, कुर्द, अझेरी, आर्मेनियन सगळे एकत्र.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आज जे 'इराणमध्ये जन्मलेले, कामाच्या वयाचे' म्हणून मोजले जातात त्यात २००० नंतर आलेले भरपूर आहेत. स्वीडनमध्ये २०११ पर्यंत परदेशी विद्यार्थ्यांनाही फी नव्हती. तेहरानच्या उत्तम संस्थांतून इंजिनिअर मुलं मास्टर्सला आली, पीएचडी करून राहिली. त्यांचा १९८७ च्या बोटीशी काही संबंध नाही. ती आपल्यासारखीच, गाळून आलेली. चिलीतून असा नवा ओघ आला नाही. १९७५ चे प्रौढ चिलियन आता पेन्शनवर. आज कामाच्या वयात दिसणारे 'चिलीत जन्मलेले' म्हणजे बहुतेक लहानपणी किंवा ऐंशीच्या दशकात आलेले. दोन वेगळ्या पिढ्या एका ओळीत मांडून आपण समाज तोलतोय.

तिसरं, सरासरी. इराण्यांचा आलेख दोन टेकड्यांचा असावा तसा : एका बाजूला दंतवैद्य, दुसऱ्या बाजूला मदतीवर जगणारे. चिलियनांचा एकच बुटका डोंगर मध्यावर. दोन टेकड्यांची सरासरी काढलीत तर ती मधल्या दरीत पडते, आणि तिथे राहतं कोण?

(आयडीचं नाव वाचून माझ्या पूर्वग्रहाची कल्पना आली असेलच.)

---

खाडीकिनारी • गुरुवार, रात्री ११.१०

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. माझी बायको चिलियन आई-बापांची, जन्म स्टॉकहोमजवळच्या बोत्शिर्काचा. म्हणजे मी चिलीचा जावई. तुमच्या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे : परत जाणं.

सासरेबुवा चिलीतल्या कॉन्सेप्सिओनच्या विद्यापीठात शिकवत होते. इथे १९७६ मध्ये आले आणि छापखान्यात लागले. स्वीडिश शिकले ते छापखान्यापुरतं. सासूबाई सांगतात की पहिली दहा वर्षं घरात चांगलं फर्निचर घेतलं नाही, पुढच्या वर्षी पिनोशे जाणार म्हणून. त्या पिढीत सगळीकडे तेच वाक्य : बॅगा भरलेल्याच ठेवायच्या. दर शनिवारी सभा, पैसे गोळा करायचे, एम्पानादा (सारण भरलेल्या करंज्या) विकायच्या, ते पैसे चिलीला. कम्युनिस्ट एका हॉलमध्ये, समाजवादी दुसऱ्या, आणि एकमेकांच्या एम्पानादाला नावं ठेवणार. अशा माणसाने तिशीनंतर स्वीडिशमध्ये पदवी का घ्यावी? त्याला वाटत होतं त्याची नोकरी तिकडे वाट बघतेय.

मग १९९० मध्ये खरंच लोकशाही आली. आणि परत गेले कोण? ज्यांना तिकडे काही करता येणार होतं ते. शिकलेले, राजकारणातले, प्राध्यापक. इथे राहिले ते ज्यांची मुलं शाळेत होती, ज्यांचं तिकडे काही नव्हतं. म्हणजे वरची साय निघून गेली आणि उरलेल्या दुधाला तुम्ही पातळ म्हणताय. इराण्यांची साय कुठे जाणार होती?

माउरिसियो रोहास माहीत आहेत का? तरुणपणी चिलीत कडवे डावे, इथे येऊन लुंडला आर्थिक इतिहासात पीएचडी, मग थेट उदारमतवादी पक्षाचे खासदार. पुढे चिलीला परतले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे संस्कृतिमंत्री झाले. पिनोशेच्या काळातल्या अत्याचारांचं जे स्मृतिसंग्रहालय आहे त्याला नावं ठेवणारं जुनं विधान बाहेर आलं आणि चार-पाच दिवसांत राजीनामा. आमच्या सासरी त्यांचं नाव काढलं की सासूबाई उठून आत जातात. पण एवढा शिकलेला माणूस स्वीडनच्या कुठल्या तक्त्यात आता दिसणार?

सासरेही १९९२ मध्ये सगळ्यांना घेऊन परत गेले होते. बायको तेव्हा अकरा वर्षांची. तिकडे शाळेत तिला 'ला सुएका' म्हणत, म्हणजे स्वीडनवाली. सासऱ्यांची जागा विद्यापीठात कुणी राखून ठेवलेली नव्हती. तीन वर्षांत पुन्हा इथे. छापखाना तोवर बंद झाला होता. चोपन्नाव्या वर्षी त्यांनी शाळेत स्पॅनिश शिकवायला सुरुवात केली, बदली शिक्षक म्हणून.

राजकारणातल्या नावांवरूनही लोक निष्कर्ष काढतात. २०२२ च्या सरकारात रोमिना पूरमोख्तारी सव्विसाव्या वर्षी हवामानमंत्री, स्वीडनच्या इतिहासातली सर्वात तरुण मंत्री. तेहरानमध्ये जन्मलेल्या पारिसा लिलयेस्ट्रांड संस्कृतिमंत्री. विरोधात डाव्या पक्षाच्या अध्यक्ष नूशी दाद्गोस्तार, त्यांचे आई-वडीलही इराणचे. त्याआधी सोशल डेमोक्रॅट अर्दालान शेकाराबी मंत्री होते, लहानपणी आईबरोबर इथे येऊन काही काळ लपून राहिलेले. एकाच समाजाची माणसं सभागृहाच्या सगळ्या बाजूंना. मला कौतुक आहे. पण चिलियनांनी काय दिलं म्हणाल, तर हाम्मारकुलेनचा कार्निव्हल बघायला या, आणि आल्बीचा 'द लॅटिन किंग्ज' हा रॅप गट ऐका. त्यातले दोघे भाऊ चिलियन घरातले. उपनगरातली पोरं जी स्वीडिश बोलतात ती त्यांनी देशाला ऐकवली. याचा रकाना कुठला?

---

उत्तरायण • शुक्रवार, सकाळी ६.५५

खाडीकिनारी, साय आणि दुधाचं पटलं. माझ्या तीन मित्रांपैकी एकाने १९९७ मध्ये इराणला परत जायचा विचार केला होता, तिकीटही काढलं. विमानतळावर त्याच्या आईचा फोन आला की येऊ नकोस. १९८८ मध्ये इराणच्या तुरुंगांत ज्या राजकीय कैद्यांना मारलं त्यांत त्याचा भाऊ होता.

---

स्पष्टवक्ता • शुक्रवार, सकाळी १०.१५

माझा मुद्दा थोडा घाईत लिहिला गेला होता. वाचतोय.

---

गोदाकाठ (धागाकर्ती) • रविवार, रात्री ८.४०

सगळ्यांचे आभार. आता वरचे काका आणि खालच्या आजी.

आमच्या इमारतीच्या तळघरात सामायिक धुलाईघर आहे, त्वेत्स्तूगा. भिंतीवरच्या फळीवर आपापलं कुलूप लावून वेळ राखायची. आज सकाळी आजींची वेळ संपत होती, काकांची सुरू होत होती आणि मी कुणीतरी विसरलेला मोजा शोधत होते. संधी साधून विचारलंच. ऑफिसातलं ते वाक्य सौम्य करून सांगितलं.

आजी १९७७ मध्ये आल्या. १९७८ पासून २०१५ पर्यंत एकाच भागातल्या वृद्धाश्रमांत सहायक परिचारिका. उजवा खांदा पूर्ण वर जात नाही, माणसं उचलून उचलून. काकांना १९८० मध्ये तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेज बंद झालं. १९८७ ला इथे, १९९३ ला इंजिनिअरिंगची पदवी, वय चौतीस. मग तेरा वर्षं लॉटरी-तंबाखूचं दुकान. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिली इंजिनिअरची नोकरी. थोरली मुलगी डॉक्टर, धाकटी वकील. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या हिशेबात काका जिंकले.

काका म्हणाले, "मग हे बघ." आणि फोनमध्ये एक फोटो दाखवला. इथे पेन्शन खात्याकडून दरवर्षी नारिंगी पाकीट येतं, तुमचं किती जमलंय ते सांगणारं. काकांनी यंदाचं तेवढंच उघडलं म्हणे, मुलीच्या आग्रहाखातर. इथलं पेन्शन मुख्यतः आयुष्यभराच्या कमाईवर ठरतं. विद्यार्थी म्हणून काढलेल्या वर्षांचं फारसं काही जमत नाही, आणि दुकानात स्वतःला पगार किती दाखवायचा तर परवडेल तेवढा. आजींनी चष्मा लावून आकडा पाहिला, मग काकांकडे पाहिलं. त्यांचं पेन्शन काकांपेक्षा जास्त निघालं.

"सदतीस वर्षं," आजी म्हणाल्या.

"खांदा पण तुमचाच गेला," काका म्हणाले.

मग ड्रायरच्या जाळीतला कचरा कुणी काढला नाही यावरून दोघांची जुंपली. काकांचं म्हणणं, आजी कधीच काढत नाहीत. आजींचं म्हणणं, इंजिनिअरला जाळी दिसते पण मागच्या बाजूचं पाणी दिसत नाही. मोजा सापडला, तो तिसऱ्याच कुणाचा तरी होता.